पन्नी काढायची राहिली

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला न ठेवला, तोच मुठीएवढा दगड सिंधूच्या कानाजवळून सण्णकन गेला आणि मागं कशावर तरी धाडकन आपटला.

“अगं आई गं!”

पर्स डोक्यावर धरून ती तिथंच मटकन खाली बसली. लातुरात, औसा रोडवर, भर दुपारी गिऱ्हाइकाला दगड मारणारं दुकान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

“लागलं न्हाई ना? अहो, तुम्ही मधीच कुठून आलात?” आतून एक उंच, सडसडीत तरुण धावत आला. छताचं प्लास्टिकचं शीट कापल्याचा पांढरा भुसा त्याच्या केसांवर, भुवयांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा बसला होता.

“मधीच? मी दारातून आले! लोक दुकानात दारातूनच येतात!”

“हाव, ते बी खरंच हाय...” तो तिच्याहून जास्त घाबरला होता. “गारांची टेस्ट घेऊन राहिलो होतो. तुमच्या मागं बगा, दाराशेजारी उभं केलंय ते शीट. एवढा दगड बसला, तरी तडा न्हाई!”

“अन् माझ्या डोक्यात बसला असता तर?”

“तर...” त्यानं खरंच विचार केला. “तर गेला असता तडा.”

सिंधूला राग आला होता, भयंकर आला होता, आणि त्याच वेळी हसू यायचं काही म्हणजे काही कारण नव्हतं. पण आलं मेलं! ते लपवायला ती उठली, ओढणी झटकली आणि जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणाली, “मला काच पाहिजे. घरामागं झाडांसाठी छोटं काचघर बांधतोय आम्ही. छताला पुरेल एवढी द्या.”

“छताला काच न्हाई देत मी.”

“न्हाई देत म्हणजे?” हा दुसरा धक्का. “एवढा ढीग लावून ठेवलाय की समोर!”

“खिडकीला देतो, आरशाला देतो, शोकेसला देतो. डोक्यावर लावायला न्हाई देत कुणाला.” मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, “तुम्हाला तर बिलकुलच न्हाई.”

आणि आपणच काय बोलून बसलो हे कळून तो कानापर्यंत लाल झाला. एवढ्या भुशातूनही ते दिसलं.

आता ही सिंधू कोण, ते ऐका. लातूर म्हणजे पोरांना डॉक्टर करायचा कारखाना, हे काही वेगळं सांगायला नको. त्या कारखान्यातल्या एका क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. पोरांना ती आवडायची आणि तिला झाडं आवडायची. त्यातही नेमकी कोणती? तर जी लातुरात जगणारच नाहीत ती! नेचे, अँथुरियम, पानावर थेंब धरून बसणारी असली नाजूक मंडळी. दर मे महिन्यात त्यातली निम्मी मरायची आणि दर मे महिन्यात बाई डोळे सुजेपर्यंत रडायच्या.

तिचे वडील बसवंतअप्पा एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी आवाज स्टँडवरच्या भोंग्याचाच राहिला. एकुलती एक पोरगी तिशीला टेकली आणि येईल ते स्थळ फोटोसुद्धा न बघता परत धाडते, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. शेवटी त्यांनी तह केला. “तुला ते झाडांचं घर पायजे ना? बांधून देतो! पण छत झालं, की मी आणीन त्या पाहुण्यांपुढं गपगुमान बसायचं. हाय कबूल?”

झाडांच्या लोभानं सिंधू हो म्हणून बसली. बघता बघता घरामागं लोखंडी सांगाडा उभा राहिला, राहिलं ते फक्त छत. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की अगं बाई, आपण हे कबूल तरी काय केलं! मग तिनं मनाशी ठरवलं, की छताला काय लावायचं याचा विचारच करत राहायचं. काच लावू का शीट लावू, विचार करायला काय कुणाची बंदी आहे? आणि नशीब बघा, तिला दुकानदारही असा भेटला, की जो स्वतःचा माल विकायलाच तयार नाही.

त्याचं नाव वीरेश. पुढच्या खेपेला ती मुद्दाम फायबरचं शीट मागायला गेली.

“घेऊ नका,” तो म्हणाला. “दोन उन्हाळ्यांत हळद लागल्यासारखं पिवळं पडतंय. झाडांना वाटंल, लग्नघरच हाय.”

त्याच्या पुढच्या खेपेला तिनं पॉलिहाऊसला वापरतात तो प्लास्टिकचा पेपर मागितला.

“स्वस्त हाय. पण वावटळीचं काय? उमरीला आमच्या पाहुण्यांनी लावला होता. वारं सुटलं आन् पेपर गेला उडून. शोधत शोधत गेले, तर शेजारच्या गावात एका बाईनं त्याच्यावर शेवया वाळत घातल्या होत्या!”

“खोटं!”

“मॅडम, मालाबाबत मी खोटं बोलत न्हाई. शेवयांचं माहीत न्हाई.”

सिंधू खळखळून हसली. हसताना तिला एक गोष्ट जाणवली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला हा ‘ताई’ म्हणायचा. या ताई, बसा ताई, बघा ताई. तिला मात्र कायम ‘मॅडम’. एकदासुद्धा चुकून जिभेवर ताई आलं नाही! हे जाणवलं आणि तिनं उगाच बटेतून बोट फिरवलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती दुकानात असतानाच आभाळ एकदम काळंभोर झालं. “निघते मी,” म्हणेपर्यंत वारं सुटलं, आणि मग — देवा रे! — पत्र्यावर कुणी पोत्यानं गोट्या ओतल्यासारख्या गारा कोसळल्या. कानठळ्या बसल्या. समोरच ठेवलेली मोठी काच खळ्ळकन फुटली. सिंधू किंचाळली, आणि दुसऱ्या क्षणी तिचा हात धरून वीरेशनं तिला आत, जिन्याखाली ओढलं.

तिथं दोघं उभे राहिले. ओल्या मातीचा वास, बाहेर पांढराशुभ्र रस्ता आणि तो प्रचंड आवाज. तिनं बघितलं, तर वीरेशचा चेहरा पार उतरला होता.

“तुम्हाला... भीती वाटते?”

“वरून आवाज आला की वाटते,” तो म्हणाला. लपवलं नाही त्यानं. “आम्ही किल्लारीचे. भूकंप झाला तवा मी जन्मलो बी नव्हतो. पण आमच्या आईला दगडांखालून काढलं होतं. ती अजून बी कुठं गेली, की बसायच्या आधी वर बघते. छताला काय हाय, ते. त्या घरात वाढलो मी. डोक्यावर जड काय ठेवायचं न्हाई, फुटणारं काय ठेवायचं न्हाई... म्हणून हा धंदा. म्हणून काच न्हाई देत.”

पहिल्या दिवशी सिंधूला हा माणूस चक्रम वाटला होता. आता तिनंही नकळत वर, जिन्याकडं बघितलं. गारा थांबल्या, पत्रा गप्प झाला, आणि तेव्हा दोघांनाही एकदम दिसलं, की तिचा हात अजून त्याच्याच हातात आहे.

“...गारा थांबल्या,” ती म्हणाली.

“हाव. थांबल्या.”

हात मात्र लगेच सुटला नाही.

त्यानंतर काचेचा विषय संपला. दगडालाही न फुटणारं ते पॉलिकार्बोनेटचं शीट घ्यायचं, एवढं ठरलं. पण पारदर्शक का दुधी? वीरेशनं तिला दुकानामागच्या उन्हात उभं केलं आणि डोक्यावर आधी पारदर्शक शीट धरलं. “हात पुढं करा. काय वाटतंय?”

“चटका बसतो.”

“तुमच्या नेच्यांना बी बसंल. आता हे बघा, दुधी.”

ऊन एकदम मऊ झालं. सावली नाही आणि झळ नाही, नुसता शांत उजेड. सिंधूनं तळहात उलटासुलटा करून बघितला. मग वर बघितलं, तर वीरेश हाताकडं बघतच नव्हता.

“काय बघून राहिलात?”

“उजेड.”

“उजेड हातावर आहे.”

“हाव...” तो म्हणाला. “तोंडावर बी हाय.”

सिंधू घरी आली ती चालत आली का उडत, तिला सांगता आलं नसतं. पण घरात पाऊल टाकलं आणि भोंगा वाजला.

“दुधी का पारदर्शक, काच का शीट! विमानतळ बांधून राहिलीस का?” अप्पा दारातच उभे होते. “फोन केला मी त्या दुकानात. दुधी शीट, पक्कं! उद्या येऊन बसवून राहिले ते. आन् नांदेडचं स्थळ बी पक्कं. आनंदराज, बँकेत हाय. मार्च एंड झाला की रजा मिळंल त्याला, येतेत मंडळी!”

इतके दिवस सिंधू छत पुढं ढकलत होती आणि आपण ते पाहुण्यांच्या भीतीनंच ढकलतोय, असं स्वतःला सांगत होती. आता शीट येणार, छत होणार. मग त्या दुकानात जायला कारण कुठलं उरणार?

दुसऱ्या दिवशी वीरेश माणसं घेऊन आला. तिच्याकडं त्यानं फारसं बघितलं नाही. बसवंतअप्पांनी शिडीखाली उभं राहून सगळी बित्तंबातमी त्याला ऐकवली होती — पोरीशी झालेला तह, नांदेडची बँक, सगळं. काम मात्र त्यानं देखणं केलं. शीट बसली, कडा पट्टीनं बंद झाल्या. आता फक्त शीटवर कंपनीनं लावलेली निळी पन्नी ओढून काढायची होती. त्यानं कोपरा धरला आणि अप्पा ओरडले, “थांबा! हात लावू नका!”

“अप्पा, काढावी लागते ती,” सिंधू म्हणाली.

“कामून काढायची? पाहुणे बघून जाऊ दे. नवं हाय, हे दिसाया नको का?”

आता यात अप्पांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. त्यांच्या घरातल्या फ्रिजच्या दारावर अजून पन्नी होती. सोफ्यावर होती, बसलं की चर्र वाजायची. रिमोट तर पिशवीत घालून वर रबर लावलेला. वस्तूची पन्नी काढणं म्हणजे वस्तू जुनी करणं, हा आपल्याकडचा अलिखित कायदाच आहे!

वीरेश काहीतरी बोलणार, असं सिंधूला वाटलं. तो गप्प शिडी उतरला.

चार दिवसांनी तिनं त्याला फोन केला. विचारायचं एकच होतं, पण त्याचा आवाज ऐकूनच तिचे शब्द अडखळले. “ती पन्नी... राहिली थोडे दिवस तर चालेल ना?”

पलीकडं शीट कापायचं मशीन त्यानं बंद केलं.

“चालतंय,” तो म्हणाला.

आणि तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? स्वतःच्या मालाला एवढी नावं ठेवणारा दुकानदार आहे तो.

एप्रिल तापला. रस्त्याचं डांबर मऊ झालं, कुलर घरघरायला लागले आणि नांदेडची मंडळी आली. सिंधूला आईनं इरकल नेसवली. मुरमुऱ्याचा सुशीला झाला, चहा झाला. आनंदराज दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. खोटं कशाला सांगा, खोड काढायला जागा नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, पोरापोरीला जरा बोलू द्या, आणि अप्पांनी अभिमानानं दोघांना काचघरात धाडलं. काच नसली तरी नाव तेच पडलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि दोघांच्याही अंगाला दरदरून घाम फुटला. सगळीकडं निळा अंधार. नेच्यांची टोकं करपली होती, अँथुरियम माना टाकून बसले होते.

आनंदराजनं रुमालानं मान पुसली, वर बघितलं आणि छत उतरतं त्या बाजूला हात उंचावून पन्नीच्या कडेला नख लावलं. तिचा टवका पडला. “ही तर भाजून चिकटली की! उन्हात ठेवायची नसते, लावल्या लावल्या काढतात. बसवणाऱ्यानं सांगितलं नाही? फसवलं तुम्हाला त्यानं.”

“वीरेश फसवणाऱ्यांतले न्हाईत!”

आवाज इतका मोठा निघाला, की सिंधू स्वतःच दचकली. पण थांबेल तर शपथ! “तुम्हाला माहीत तरी आहे का? तो माणूस खपणारी काच खपवत न्हाई, का, तर कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून! गिऱ्हाइकाला म्हणतो हे घेऊ नका, ते घेऊ नका. त्याला माहीत असतं, तर त्यानं सांगितलंच असतं. वीरेश मालाबाबत खोटं बोलत न्हाई. नुसतं हसवायला शेवयांचं वगैरे सांगतो, ते वेगळं. अन् गारा आल्या तेव्हा स्वतः घाबरलेला असून—”

“मॅडम,” आनंदराज हळूच म्हणाला, “हे वीरेश कोण?”

“शीटवाले.”

“नुसते शीटवाले?”

सिंधूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं. निळ्या अंधारात, करपलेल्या नेच्यांमध्ये, बघायला आलेल्या पाहुण्यासमोर तिला एकदम लख्ख कळलं.

“अगं बाई...” ती पुटपुटली.

“तुम्हाला बी आत्ताच कळलं वाटतं,” आनंदराज म्हणाला. थोडा हिरमुसला होता, पण हसला बिचारा. “मी चहा तर घेतलाय. आता निघतो. नकार आमच्याकडून येईल, तुम्ही काळजी करू नका. पण घरात मात्र तुमचं तुम्हीच सांगा. ते मला जमणार नाही.”

मंडळी गेली. अप्पा खुशीत होते. त्यांना वाटत होतं, पोरं एवढा वेळ बोलली म्हणजे जमलंच! सिंधू नेसत्या इरकलीनिशी स्कूटीवर बसली आणि आई “अगं, कुठं?” म्हणेपर्यंत औसा रोडला लागली. तिला एकच ऐकायचं होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढं त्यानं म्हणावं, बस्स.

वीरेश दुकान आवरत होता. दारात तिला बघून तो जागच्या जागी थिजला. काठाची साडी, केसांत मोगरा.

“पाहुणे... येऊन गेले?”

“ते सोडा. एक सांगा मला. पन्नी उन्हात राहिली, की भाजून चिकटते. तुम्हाला हे माहीत नव्हतं ना?”

त्यानं हातातलं शीट भिंतीला टेकवलं.

“वीरेश! नव्हतं ना माहीत?”

“होतं,” तो म्हणाला.

आत्ता तासाभरापूर्वी परक्या माणसापुढं ज्या खरेपणासाठी सिंधू भांडली होती, त्याचं हे असं? “म्हणजे मी फोन केला, तेव्हा चालतंय म्हणालात, ते जाणूनबुजून? माझे नेचे जळाले! अर्धी झाडं गेली! ज्या तोंडानं काच देणार न्हाई म्हणालात, त्याच तोंडानं?”

“त्याच तोंडानं,” वीरेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “मालाबाबत जन्मात एकदा खोटं बोललो, ते तुमच्यापाशी. काय करू? अप्पांनी सगळं सांगितलं होतं. छत झालं, की पाहुणे. छत चांगलं झालं, तर तुमचं माझ्या दुकानात काय काम उरतंय? तुम्ही फोन केला आन् वाटलं, बिघडू दे. बिघडलं, तर भांडायला का होईना, एकदा तरी याल. लग्न ठरलं तरी याल. झाडांचा विचार केलाच न्हाई मी. नीच काम केलं. आजच्या आज सगळी शीट बदलून देतो, नवी.”

सिंधूला त्याला बडवून काढावंसं वाटत होतं. नेच्यांसाठी रडावंसं वाटत होतं. आणि त्याच्या पापणीवरचा तो पांढरा भुसा बोटानं पुसावा, असंही वाटत होतं. एकाच वेळी तीन-तीन गोष्टी, माणसानं करावं तरी काय?

“विचारता आलं नसतं तोंडानं?” ती शेवटी म्हणाली.

“काय विचारणार? शीटवाला मी. तुम्ही मॅडम.”

“मग म्हणायचं न्हाई मॅडम! ताई तरी म्हणायचं सगळ्यांसारखं!”

“ते मेलो तरी म्हणणार न्हाई,” तो एकदम म्हणाला.

आणि सिंधू हसली. रडता रडता हसली. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “रविवारी घरी या.”

“शीट घेऊन येतो.”

“शीट नको. आईला घेऊन या.”

“आईला? आई काय करणार छताचं...” आणि मग त्याच्या डोक्यात उतरलं. आधी कान लाल झाले, मग तोंडाचा आ झाला, मग बुवा मागच्या शीटच्या थप्पीवर बसायला गेले आणि थप्पीसकट घसरून जमिनीवर आले. “तुम्ही... मला... पण त्या नांदेडच्या...”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोन कानाला लावायची गरजच नव्हती. तो आवाज समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जात होता.

“नांदेडहून नकार आला गं! एवढा वेळ बोलून नकार! कुठं हाईस तू?”

“शीटच्या दुकानात, अप्पा.”

“आज? कामून?”

सिंधूनं डोळे मिटले. मनात म्हणाली, आता न्हाई तर कधीच न्हाई. “अप्पा, पन्नी भाजून चिकटली. झाडं जळाली. वीरेशना माहीत होतं. त्यांनी सांगितलं न्हाई.”

“काय? त्या पोरानं? मुद्दाम?”

“हाव. मुद्दाम.”

“अरे पण कामून?”

“मी परत दुकानात यावं, म्हणून.”

भोंगा बंद पडला. तिच्या उभ्या जन्मात अप्पा इतका वेळ कधी गप्प बसले नव्हते. फोन तुटला की काय म्हणून तिनं कानापासून दूर धरून बघितला. वीरेश अजून जमिनीवरच बसलेला होता.

मग अप्पांचा आवाज आला. हळू, अगदी साध्या माणसासारखा.

“...आन् तू गेलीस.”

“गेले, अप्पा.” तिचे डोळे वाहायला लागले. “तुम्ही म्हणाला होता ना, पाहुण्यांपुढं बस? बसते मी. पण याच्यापुढं बसते. दुसरं कुणी आणू नका आता.”

मागून आईचा आवाज आला, “अहो, बोला की काहीतरी! पोरीचा जीव टांगणीला लागलाय तिकडं!”

“बोलतो की! बोलू तर देत न्हाईत या घरात!” भोंगा पुन्हा सुरू झाला, पण जरा चिरकला होता. “सांग त्याला. रविवारी सकाळी लवकर ये म्हणावं, ऊन व्हायच्या आत. कोमट पाणी, साबण, जे लागंल ते घेऊन ये म्हणावं. आधी पन्नी काढायची! सगळी! एक टवका राहिला, तर सुशीला न्हाई मिळणार!”

वीरेश ताडकन उठला. केसांवरचा भुसा उडाला. “ब्लेड लावायचं न्हाई अप्पा, ओरखडे पडतेत!” तो फोनच्या दिशेनं ओरडला. “मी हातानं काढतो. येतो, अप्पा! आईला घेऊन येतो!”

पलीकडून ऐकू आलं, “बघ, बघ! अजून घरात पाय न्हाई आन् लागला अप्पा म्हणाया!”

सिंधूनं फोन बंद केला आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. वीरेश तिच्याकडं नुसता बघत राहिला, आणि मग कुठं त्यानं पहिल्यांदाच तिला तिच्या नावानं हाक मारली.